इंजिन थंड असताना

बॉनेट गरम होतं. ऋचानं हात काढला आणि पुन्हा ठेवला, उलटा, मल्हारच्या कपाळावर ताप बघायला ठेवते तसा. मल्हार कडेवर तिचं मंगळसूत्र चघळत होता.

"मामा, इंजिन गरम आहे," ती म्हणाली.

साताऱ्याहून रहिमतपूरला येताना वाटभर नानासोमामांनी भाच्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जुनी गाडी कशी घ्यायची ते शिकवलं होतं. रंगाला भुलायचं नाही, आधी खालचा पत्रा ठोकून बघायचा. आवडली तरी तोंड वाकडंच ठेवायचं. आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावायचं. गरम सापडलं की समजायचं, खोट झाकायला आधीच तापवून ठेवलंय. देवदत्त नुसता मान डोलावत होता. ध्यानात ठेवलं ते मागच्या सीटवरच्या ऋचानं. पोर झाल्यापासून तिला हीच सवय लागली होती. कुठला डोस कधी, घरात कोण शिंकलं, सगळं ध्यानात.

"शाब्बास सूनबाई!" मामांनी फियाटच्या टपावर थाप मारली. "काय वैनी, आमी यायच्या आत तापवून ठिवली व्हय? गार असली की उठत न्हाई वाटतं?"

शेडच्या खांबाला धरून उभ्या असलेल्या अंजनाबाईंचा चेहरा उतरला. "आवं, तसं न्हाई. मालक आत पडून हायेत. अंग गेलंय, वाचा गेलीया. गाडीचा आवाज कानावर पडला तरच घास घेत्यात, न्हाईतर तोंड उघडत न्हाईत. जेवायच्या वक्ताला चालू करावीच लागती."

"गाडी विकणाऱ्याच्या घरात कुणीतरी आजारी असतंयच," मामा हसले. चपला काढून खरंच आत डोकावून आले. परत आले तेव्हा चेहरा आणखी खुलला होता. देवदत्तच्या कानाशी लागून ते बोलले, पण ऋचाला ऐकू गेलं.

"खरं हाय रं. इंजिन चोख. आन् ही औषधापायी अडल्यात. आता आपण म्हणू त्यो भाव."

ते म्हणाले तोच भाव झाला.

अंजनाबाईंनी किल्ली पदरानं पुसली, पण लगेच दिली नाही. पुरुषांना सोडून त्या ऋचाकडं वळल्या. "पोरी, तू लेकुरवाळी हायस, तुला कळंल. आठवड्यातनं एकदा तरी हिकडं आणशीला का गाडी? तेवढा एक दिस तरी पोटभर खातील."

देवदत्त बुटांकडं बघू लागला. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. तिला पुढचे रविवार दिसले. ही धूळ, पेट्रोलचा वास, ती औषधं भरलेली खोली, आणि तिथं मल्हार.

"आजी, आपण आवाज रेकॉर्ड करून ठेवूया ना," ती अगदी मायेनं म्हणाली. "मोबाईलवर. मग तुम्हाला शेडपर्यंत यायचाही त्रास नको."

"ह्याला म्हणत्यात शिकलेली!" मामा म्हणाले.

फौजेतल्या लेकानं सुट्टीत आणलेला मोबाईल अंजनाबाईंनी बाहेर आणला. देवदत्तनं गाडी चालू केली. ऋचानं मोबाईल बॉनेटजवळ धरला. मध्येच मल्हार ओरडू नये म्हणून त्याला बोट चोखायला दिलं. रेकॉर्डिंग झालं तसा देवदत्तनं गिअर टाकला आणि फियाट फाटकाबाहेर गेली. मामा आपल्या गाडीत बसून हॉर्न वाजवू लागले.

"लावायचं कसं तेवढं दाखवून आलेच," ऋचा म्हणाली आणि अंजनाबाईंच्या मागोमाग आत गेली.

अंजनाबाईंचे मालक, हंबीरराव, खाटेवर उताणे पडले होते. उशाशी पेजेची वाटी अर्धी राहिलेली, वर साय धरलेली. ऋचानं मोबाईल त्यांच्या कानाशी टेकवला. फियाट बारीक किरकिरू लागली.

"घ्या," अंजनाबाईंनी चमचा ओठांशी नेला. "चालू हाय बघा."

हंबीररावांचे डोळे खिडकीकडं गेले, तिथून बाहेरच्या रिकाम्या शेडकडं, आणि तिथंच राहिले. ओठ मिटलेलेच. पेज हनुवटीवरून उशीवर ओघळली.

ऋचानं आवाज मोठा केला.

"आवं, चालू हाय," अंजनाबाईंनी पुन्हा चमचा भरला.

कडेवरच्या मल्हारनं चमच्याकडं बघितलं आणि मोठा आ केला.