सगळ्यात जड लॅपटॉप

“यातला सगळ्यात जड कोणता?” काकांनी विचारलं. त्यांची मुलगी बाहेर स्कूटर लावत होती. चौदा वर्षं लॅपटॉप विकतोय, पण असा प्रश्न कधी कुणी केला नव्हता.

मी बजेटमधला गेमिंग लॅपटॉप पुढे ठेवला आणि खरं तेच सांगितलं. “गेम मस्त चालतात, पण बॅटरी जेमतेम तासभर. चार्जर विटेएवढा. इकडेतिकडे न्यायची नुसती कटकट.” प्रत्येक दोष ऐकून काका आणखीच खुलले.

“हाच द्या. आमचा डेस्कटॉप हॉलमध्ये होता. ती गेम खेळायची, मी शेजारी बसून फुकटचे सल्ले द्यायचो. तो बंद पडला, तशी ती मोबाइल घेऊन खोलीत शिरली. आता फक्त जेवायला दिसते.”

“पण हा खोलीतही लावेल की ती!”

“तिथल्या प्लगची वायर मीच काढून ठेवलीय. इलेक्ट्रिशियन काही लवकर मिळत नाहीत हो,” म्हणत त्यांनी चक्क डोळा मारला.

मुलगी आत आली. तिने लॅपटॉप उचलून पाहिला, मग चार्जर, मग बाबांचा चेहरा. “चालेल,” म्हणाली. काका कार्ड घेऊन काउंटरकडे धावलेच.

मला राहवेना. मी तिच्यापुढे त्याच किमतीतला, चांगल्या बॅटरीचा हलका लॅपटॉप सरकवला.

“नको, आमचा हॉलमध्येच राहणार आहे,” ती कुजबुजली. “बाबांनी प्लगचं सांगितलं असेलच. तो मी परवाच दुरुस्त केलाय. त्यांना कळू देऊ नका.”