आत्या आल्या म्हणून निभावलं

दाराची बेल वाजली तेव्हा तिच्या काखेत धाकटं होतं, तोंडात टाचण्या होत्या आणि गॅसवरचं दूध उतू जायच्या बेतात होतं. तिने कोपराने कडी काढली. दारात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फळांची पिशवी.

नवऱ्याच्या आत्या मदतीला येणार, हे ती कधीची ऐकत होती. लग्नाच्या गर्दीत त्यांना एकदाच ओझरतं पाहिलेलं.

"आत्या, देवासारख्या आलात," टाचण्या हातावर काढत ती म्हणाली आणि धाकटं त्यांच्याकडे देऊन आत पळाली. दूध तोवर ओट्यावरून खाली निघालं होतं.

ती परत आली तेव्हा धाकट्याच्या हातात आत्यांचा चष्मा होता आणि आत्या त्याच्याशी वाटाघाटी करत होत्या. तिला पाहून त्यांनी विचारलं, "तुमची तब्येत कशी आहे?"

सुनेला अहो-जाहो करणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं. जुन्या वळणाच्या असतील. "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" ती हसली. "आजारी पडायला वेळ तरी हवा."

आत्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. मग तिचा नवरा कुठे आहे, असं विचारलं. तिने सांगितलं, ऑफिसला गेलेत, संध्याकाळ होईल.

"ऑफिसला," आत्या म्हणाल्या. त्यांनी फळांची पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या. "मग मी थांबते."

ती घरी पडदे शिवायची. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं. अर्धे अजून कापडाच्या गठ्ठ्यातच होते. शाळेला सुटी, म्हणून थोरली आणि मधला घरभर उंडारत होते. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर होता आणि मोरीतल्या भांड्यांवर आता चमचासुद्धा ठेवायला जागा नव्हती.

मशीनवर बसल्या बसल्या तिने आत्यांना सगळं सांगितलं. नवरा माणूस म्हणून सोन्यासारखा, पण ऑफिसने त्याला पार पिळून काढला होता. घरी आला की सोफ्यावर आडवा. मी तुला हातभार लावला असता गं, म्हणायचा, पण आमचे साहेब सोडत नाहीत.

"त्या साहेबांना घरदार नसावं," ती म्हणाली.

"असेल की," आत्या म्हणाल्या. त्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या होत्या.

"हा आठवडा तर रोज उन्हात पिटाळलंय त्यांना. नाक बघा कसं सोललंय."

आत्यांचा हात थांबला. "रोज? उन्हात?"

"रोज."

आत्यांनी हातातली चड्डी दोनदा झटकली आणि बाह्या वर सरकवल्या. त्यानंतर त्या घरात वारं शिरावं तशा फिरल्या.

मधल्याला बोलावून त्यांनी मोजे खात्याचा प्रमुख नेमलं आणि एकटा मोजा दिसला तर जबाब मागेन, असं बजावलं. मधला इतका गंभीर झाला की त्याने सोफ्याखालून गेल्या हिवाळ्यातले मोजे काढले. थोरलीकडे घड्या आल्या. घरातल्या कपड्यांची इस्त्री आत्यांनी बंदच करून टाकली. ज्याला सुरकुत्यांचं दुःख होतं त्याने इस्त्री करावी, म्हणाल्या.

मग भांडी. तिने आयुष्यात कधी विचार केला नव्हता अशी गोष्ट त्यांनी विचारली. जेवणारी तोंडं इतकी कमी, तर पेले इतके का? माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला बाहेर ठेवून बाकीचं त्यांनी माळ्यावर चढवलं. जो जेवेल त्याने आपलं धुवायचं. ढीग होणारच कशाचा?

"यांना नाही जमायचं हे," ती म्हणाली. नवऱ्याला साबण कुठे असतो, ते ठाऊक नव्हतं.

"जमेल," आत्या म्हणाल्या. "मला नवशिक्यांची सवय आहे."

दुपारी एकाच पातेल्यात त्यांनी भात आणि भाज्या शिजवल्या. कितीतरी दिवसांनी ती गरम जेवली, तेही बसून. धाकटं आत्यांच्या खांद्यावर झोपलं. मशीन चालत राहिलं. शेवटच्या पडद्याची शिवण संपली तेव्हा हॉटेलची गाडी खाली उभीच होती. गठ्ठे गेले, पुढच्या महिन्याचं कामही पक्कं झालं आणि तिला एकदम रडू आलं. तिने आत्यांचे दोन्ही हात धरले. मऊ हात होते, भांड्यांच्या पाण्याने सुरकुतलेले.

"काही दिवस राहाल ना?" तिने विचारलं. "आता तुम्हाला सोडत नाही मी."

"माझी गरज पडणार नाही," आत्या म्हणाल्या. "तशी व्यवस्था करते."

तेवढ्यात दार वाजलं. नवरा आत आला, सोललेलं नाक घेऊन. भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले आणि एक बूट ओढून काढला.

"आज तर साहेबांनी जीव काढला माझा," तो म्हणाला. "पाणी दे गं."

"आपल्या हाताने घ्या जरा," ती कौतुकाने म्हणाली. "आणि बघा तरी, कोण आलंय."

त्याने डोळे उघडले. बूट त्याच्या हातून गळून पडला आणि तो एका पायावर ताठ उभा राहिला. त्याच्या तोंडून जेमतेम एक शब्द फुटला.

"मॅडम."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं घरकाम करायला तुम्ही घेतलेली रजा मी आणखी पंधरा दिवस वाढवली आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ती घरी घालवायची."