खानावळ वाचवायला आलेली माणसं

"अन्याय कुठल्याही गावात होवो, तो साऱ्या देशाचा प्रश्न असतो!" एवढं बोलून पुढारी थांबला आणि दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेने काढू लागला.

समोर, खानावळीच्या अंगणात मांडलेल्या खुर्च्यांवर तीन बसगाड्या भरून आणलेली माणसं बसली होती. सगळी बाहेरगावची, सगळी गंभीर. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर विषयाच्या भाराने डोळे मिटले होते. एकाने कमरेचा पट्टा सैल केला.

खानावळवाला इस्त्रीचा सदरा घालून व्यासपीठावर बसला होता. आज त्याला अन्यायग्रस्ताचं काम होतं. नगरपालिकेने कोपऱ्यावर स्वस्त कँटीन काढल्यापासून त्याची निम्मी टेबलं ओस पडली होती. असंच चाललं तर वर्षभरात कुलूप लागणार, हे त्याला कळत होतं. गावात त्याचं ऐकायला कोणी तयार नव्हतं, कारण गाव जेवत होतं. शेवटी त्याने राजधानीतल्या या पुढाऱ्याला कळवलं, आणि ही माणसं धावून आली. त्या उपकाराखातर नवरा-बायको पहाटेपासून राबले होते. मागच्या दारी तीन पातेली गच्च भरून झाकलेली होती. पाहुण्यांना त्याने कळू दिलं नव्हतं. सभा संपली की एकदम पानावरच बसवायचं, असा बेत होता.

कँटीनच्या दारावर पाटी होती : 'कोणीही या. कुठले, ते विचारणार नाही.' या पाटीवर त्याचा खास राग होता. बाहेरच्यांना गावाने का म्हणून पोसायचं, असं तो नगरपालिकेच्या प्रत्येक सभेत उभा राहून विचारायचा.

"आणि ती तुमची नगराध्यक्षीण!" पुढाऱ्याचा आवाज चढला. "आज कँटीन काढलं, उद्या तुमच्या चुली उचलून नेईल! असल्या बायांना घरात वळण कोणी लावलं, देव जाणे!"

"मी लावलं," खानावळवाला म्हणाला.

"काय?"

"धाकटी बहीण आहे माझी. आई गेली तेव्हा एवढीशी होती. वळण चुकलंच माझं, पण ते आम्ही घरात बघून घेऊ." तो उठला आणि ध्वनिक्षेपक त्याने स्वतःकडे ओढला. "तिच्या कँटीनविरुद्ध मी बोंबलतो, उद्याही बोंबलेन. मी इथे मत देतो, इथे पाणीपट्टी भरतो. तिला चार शब्द सुनावायचा हक्क माझा. तुम्ही कोण हो?"

"आम्ही तुमच्या बाजूने आलोय, भले माणसा!"

"मग त्याच बाजूने परत जा."

बसगाड्या गेल्या. पुढची रांग जागी करून न्यावी लागली.

"वा!" बायको मागच्या दारी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आलेली माणसं उपाशी घालवलीत. आता ही तीन पातेली कोण संपवणार? तुमचा बाणेदारपणा?"

तो मान खाली घालून बसला. वाईट वाटत होतं, पण छाती थोडी फुगलीही होती. खानावळ बुडाली तरी चालेल, आपण मान तुकवली नाही. बिचारी माणसं मात्र एवढ्या लांबून आली आणि उपाशी गेली.

तेवढ्यात नगराध्यक्षीण मागच्या फाटकातून आत आली. पदर खोचलेला होता.

"दादा, भांडू नकोस. जेवण आहे का काही? आमचं संपलंय, आणि गिरणीची दुपारची पाळी दारात उभी आहे."

"तुझ्या कँटीनला माझा विरोध आहे."

"माहितीये. तू तो कान धर, मी हा धरते."

दोघांनी पातेलं उचललं. फाटकापर्यंत नेलं. तिथे त्याने दम घ्यायला पातेलं टेकवलं.

"तुमचं संपलं कसं? कधी संपत नाही म्हणून मिरवतेस ना?"

"तीन बसगाड्या भरून माणसं आली होती. अकरा वाजताच. सभा आहे म्हणाली कुठेतरी."

पुढाऱ्याने रस्सा दोनदा वाढून घेतला होता.