झाकणांची अदलाबदल

"आजोबा, हलू नका ना! बुडबुडा पळतोय."

नगरपालिकेचे भांडारपाल बालवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते आणि पाच वर्षांच्या एका चिमुरडीने त्यांच्या टकलावर गवंड्याची लेव्हलपट्टी ठेवली होती. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने एक डोळा मिटून पाहिलं आणि निकाल दिला, "डोकं वाकडं आहे." सगळा वर्ग खिदळला. भांडारपालांना मात्र हसू येईना. ती पट्टी या वर्गात असायलाच नको होती.

घोळ सकाळीच उघडकीस आला होता. चार दिवसांनी ते निवृत्त होणार होते आणि जाण्यापूर्वी जुन्या पावत्या चाळत होते. तेहतीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक झाली नाही, हे ते चहाच्या टपरीपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवत आले होते. निरोपाच्या भाषणात साहेब तेच वाक्य बोलणार, हेही ठरलेलं होतं. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वीची एक पावती हातात आली. बालवाडीची पेटी पोचवायला दोन हमाल लागले होते. भिंगं, चुंबक, नरसाळी आणि रंगीत ठोकळे उचलायला दोन हमाल?

भांडारपालांनी त्या तारखेच्या बाकीच्या पावत्या काढल्या. त्याच दिवशी बांधकाम विभागालाही एक पेटी गेली होती. दोन्ही पेट्या एकाच मापाच्या. पेटी कुणाची हे सांगणारा नंबर लिहायचा तो फक्त झाकणावर, ही भांडारातली जुनी रीत. एरवी ती कधी नडली नव्हती. पण त्या दिवशी यांनी खबरदारी म्हणून दोन्ही पेट्या पुन्हा उघडल्या, सामान दोनदा मोजलं आणि झाकणं लावताना याचं त्याला लावलं. खबरदारी घेतली नसती तर काहीच झालं नसतं.

आता एकच उपाय होता. या कानाचं त्या कानाला कळू न देता संध्याकाळपर्यंत पेट्या बदलून टाकायच्या.

"काका, तुमचे आभार मानायला मीच येणार होते," बालवाडीच्या ताई म्हणाल्या. नोकरीला लागून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. "नाहीतर मुलांना नेहमी खोटी खोटी खेळणी मिळतात. तुम्ही खरीखुरी हत्यारं पाठवलीत!"

पेटी परत न्यायला आलोय, हे वाक्य भांडारपालांच्या जिभेवर आलं, पण तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. खिडकीच्या गजाला ओळंबा, म्हणजे गवंड्याची वजन बांधलेली दोरी, टांगला होता. दोन मुलं त्याच्या दोरीशी डोळा लावून भिंत सरळ आहे का ते बघत होती. टेप घेऊन एक टोळकं भांडारपालांच्याच चपला मोजत होतं. कोपऱ्यात वाळू चाळणं चाललं होतं, आणि जाड खडे कुठले, बारीक कुठले यावर जोरदार भांडण जुंपलं होतं.

"आणि हात धुवायची मोरी बघितलीत का?" ताईंनी विचारलं. "पाणी सारखं वर्गात यायचं. या पोरांनी पट्टी ठेवून बघितली, तर उतारच उलटा! मग आम्ही सगळ्यांनी मिळून बांधकाम विभागाला पत्र पाठवलं. पळणाऱ्या बुडबुड्याचं चित्र काढून. परवा गवंडी आले आणि उतार नीट करून गेले."

भांडारपाल मोरीपाशी गेले. पाणी निमूटपणे नाल्याकडे चाललं होतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात चिमुरडीने पट्टी छातीशी धरून विचारलं, "आजोबा, तुम्हाला हवीय का ही?"

"नको गं," असं ते म्हणाले खरे, पण मनात म्हणाले, आधी तिकडची पेटी ताब्यात घेऊ, मग बघू.

बांधकाम विभागात इंजिनीअर टेबलावर वाकले होते. समोर दोन गवंडी आणि एक मुकादम उभे होते. रंगीत ठोकळ्यांवर फळी टेकवून इंजिनीअर तिच्यावर नरसाळ्याने पाणी सोडत होते. भांडारपालांनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं कबूल केलं. तेहतीस वर्षांत असं बोलायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"ही पेटी? ही मी देणार नाही," इंजिनीअर म्हणाले. "पहिल्या दिवशी परतच पाठवणार होतो, ते राहून गेलं. मग पोरांचं ते मोरीचं पत्र आलं. वीस वर्षं मी उतार तोंडाने समजावतोय, या गवंड्यांच्या डोक्यावरून जातोय. पोरांच्या मोरीचा उतार ठोकळे मांडून दाखवला, तर अर्ध्या तासात समजला. आता कुठलंही काम काढण्याआधी आम्ही इथे खेळून घेतो."

मागे मुकादम भिंगातून सिमेंटचा तुकडा न्याहाळत होता. त्याने मान वर करून बघितलंही नाही.

भांडारपाल आपल्या टेबलाशी परतले. पेट्या जिथल्या तिथे ठेवून गप्प बसता आलं असतं. कुणी काही बोललं नसतं आणि निरोपाचं भाषणही ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण ही पेट्यांची गोष्ट कागदावर आली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली असती. त्यांनी चुकांची नोंदवही काढली. तिच्यावरची धूळ झटकली, तारीख घातली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'चूक माझी.' शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, 'चूक पुन्हा होऊ नये म्हणून योजलेला उपाय.' त्यांनी क्षणभर विचार केला, ती छापील ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'नगरपालिकेच्या उरलेल्या अकरा बालवाड्यांच्या बाबतीतही हीच चूक तातडीने करण्यात यावी.'