तीन तास दहा मिनिटं

विमान उतरलं तरी घरातला हा धाकटा पट्टा न सोडता बसून राहिला. एकवीसशे किलोमीटर, तीन तास दहा मिनिटं. समोरच्या पडद्यावर आकडे ठसठशीत दिसत होते.

घरच्यांच्या लेखी मात्र हा प्रवास दोन दिवसांचा होता. पूर्वी तो खरंच तेवढा होता. तीन विमानं, मध्ये एक मुक्काम. मग त्याच्या नोकरीचं बेट आणि घरचं बेट यांच्यामध्ये थेट विमान सुरू झालं आणि हे महाशय घरी सांगायला विसरले. पहिल्या वर्षी खरोखरच विसरले, पुढे विसरणं अंगवळणी पडलं. "एवढ्या लांबून कसा येऊ गं?" म्हटलं की विषय मिटायचा. उलट आईच त्याची समजूत घालायची, "नको रे, जिवाचे हाल करून घेऊ नकोस."

काल ताईचा फोन आला. "आईला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, पण तिने तुझा धोशा लावलाय."

"निघालोच," तो म्हणाला, आणि सवयीने पुढचंही बोलून गेला. "परवा पोचतो."

आणि आता तो एक दिवस आधीच येऊन ठेपला होता. थेट विमान नुकतंच सुरू झालंय अशी थाप मारावी का? पण बाहेरच्या दारावरच भलामोठा फलक लटकत होता: थेट सेवेची सहा वर्षं. गावात हे कुणाला ठाऊक नसणार?

रस्त्यापलीकडे एक लॉज होता. एका दिवसाने काय बिघडतं, असं मनाला बजावत तो मान खाली घालून पायऱ्या चढला.

"गावात कुणी ओळखीचं नाही का?" मॅनेजरने सहज विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि त्याचे कान तापले. दवाखाना तिथून वीस मिनिटांवर होता. दिवसभर तो खिडकीचा पडदा ओढून बसला. दोनदा बूट घातले, दोनदा काढले. स्वतःची लाज वाटत होती, पण पकडलं जाण्याची भीती त्याहून जास्त होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कालचाच चुरगळलेला शर्ट घालून दवाखान्यात पोचला. जिन्याजवळच्या बाकावर बाबा एकटेच बसले होते.

"आई कुठेय?"

"पहाटे गेली रे." बाबांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

तो ओक्साबोक्शी रडू लागला. "बाबा, मी लगेच निघालो होतो... दोन दिवस नुसता प्रवास..." रडतानाही तोंडातून तेच बाहेर पडलं.

"हो ना. काल सारखी विचारत होती, आला का, आला का. मीही तेच सांगितलं तिला. लांबचा पल्ला आहे, दोन दिवस लागतात." बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तिला पटलं. ताईलाही मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस."

"काय बोलू नको, बाबा?"

"काल मी विमानतळावर तुला घ्यायला आलो होतो."