मोरपिसांची टोपी

ईस्टरच्या सकाळी इलारियनने सगळा पोशाख अंगावर चढवला. पांढरा लांब सदरा, तंग पांढरी विजार, मण्यांचा रुंद पट्टा, सारं यथास्थित. मोरपिसांचा हातभर पंखा लावलेली टोपी मात्र पलंगावर तशीच पडून राहिली.

सावेता दारातून पाहत होती. मुलाची ही टोपी तिने वर्षभर कापडात गुंडाळून, कसर लागू न देता जपली होती. नासाउडकडच्या गावांत बिनलग्नाचा मुलगा सणाला ती घालूनच चर्चला जातो; लग्नात नवरी आपल्या हाताने उतरवते, तोवर. इलारियनने तिशी ओलांडली होती. शेजारची दोकिया त्याला तोंडावर घोडनवरा म्हणायची. पण पोरांच्या घोळक्यात त्याची पिसं सर्वांत उंच डुलताना दिसली की सावेताला दोकियाचा विसर पडायचा.

"इटलीत राहून लाज वाटायला लागली का आमची?" तिने विचारलं.

इलारियनने खुंटीवरची बापाची साधी काळी टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली.

ती लग्न झालेल्या पुरुषाची टोपी. सावेता रंगवलेल्या अंड्यांच्या टोपलीशेजारी मटकन बसली. पोराला लाज वाटत नव्हती, देवाच्या दारात खोटं मिरवायचं नव्हतं, एवढंच. तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ संताप आला.

"इटालियन आहे?"

"नाही गं, आपल्याकडचीच. झांफिरा नाव. तिकडे माझ्याबरोबर काम करते. फेब्रुवारीत कचेरीत जाऊन सह्या केल्या."

"आणि आता कुठाय?"

"पुलावर, गाडीत. तुला घाबरते."

मग सावेताने त्याला मनसोक्त झापलं. इतके दिवस मूग गिळून बसला होतास का, आईला मेली समजलास का, सगळं झालं. बोलून दमल्यावर तिने डोळे पुसले, बापाची टोपी काढून खुंटीला लावली आणि मोरपिसांची टोपी त्याच्या डोक्यावर बसवली.

"आई, मला ही आता चालत नाही."

"कचेरीने उतरवली का ती? जिने उतरवायची ती पुलावर ताटकळत बसलीय. चल."

रस्त्यावर चर्चला निघालेल्यांची गर्दी होती. दोकियाने काहीतरी टोमणा मारला. सावेताने उलट उत्तर दिलं नाही; तेवढा वेळ नव्हता.

पुलावर गाडीतून एक बुटकी मुलगी उतरली आणि कोटाच्या बाह्या ओढत उभी राहिली. काय करायचं ते सावेताने तिला दोन शब्दांत सांगितलं. मुलीने टाचा उंचावल्या, हात वर नेले. इलारियन मान ताठ ठेवून उभा होता, पिसं हलू नयेत म्हणून पोरं उभी राहतात तसा. मागे चर्चला निघालेले लोक थांबले होते.

"अरे, वाक की जरा," सावेता म्हणाली. "तिचा हात पुरत नाहीये."