खुर्चीची करकर

"हात मांडीखाली," माल्कम म्हणाला. "दोघांनीही. ग्लेनिस, तूसुद्धा."

"मी कशाला? मला काय करायचंय तुमच्या खुर्चीशी?" असं म्हणत त्याची बायको सोफ्याच्या कडेला टेकली आणि तिने हात दडवले.

टेबलावर काळ्या बिअरचे चार ग्लास भरलेले होते. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला, तिसरं गाणं संपून चौथं सुरू व्हायच्या आधी, गिटार वाजवणारा जरा सरकून बसतो आणि त्याची खुर्ची करकरते. बँडने ती करकर काढून टाकली नव्हती. ती ऐकू आली की घोट घ्यायचा, हा माल्कम, रॉय आणि नेव्हिल या तिघांचा शाळा सुटल्यापासूनचा नेम. वर्षातून एकदा, ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी, इंग्लंडमधल्या डडली गावातल्या याच खोलीत.

"गेल्या वर्षी मी तुमचे हात बघून प्यालो," माल्कम म्हणाला. "तुम्हाला वाटलं, ऐकलं म्हाताऱ्याने. यंदा मीच सांगणार. मी 'आली' म्हटलं की प्यायचं. तोवर कुणी हलायचं नाही."

"आणि नाहीच आली तर?" रॉयने ओरडून विचारलं.

"तर बस तहानलेला."

नेव्हिलने दुसरी एक रेकॉर्ड वर धरली. "आधी ही लावू या का? ही दणदणाटाची. हिचे ढोल तुला जमिनीतून कळतात."

"ते मेलेल्यालाही कळतील. मला ही ऐकायचीय."

सॉल्टर्स लेन हा एरवी भिंती हादरवणारा बँड. या एकाच रेकॉर्डवर त्यांनी विजेची गिटारं बाजूला ठेवून साधी लाकडी हातात घेतली होती. एक गाणं ब्लूजचं, एक कंट्रीचं, मध्येच हार्मोनिका. वेष्टनावर चौघं जण गवताच्या गंजीला टेकून बसले होते.

"वीज गेली होती का रे यांच्याकडे?" नेव्हिल म्हणाला. "रेकॉर्ड निघाली त्या दिवशी हा शहाणा दुकानात असं म्हणाला होता. सगळ्यांदेखत."

"म्हणालो होतो," रॉय म्हणाला. "मग हार्मोनिका ऐकली."

"आणि रडलास."

"सर्दी झाली होती मला."

माल्कम हसला. मग त्याने दोन्ही कानांतली मशीनं काढून बशीत ठेवली. "ही घातली की गिटार ऐकूच येत नाही. पत्र्यावर खिळे पडल्यासारखं वाटतं." स्टूल ओढून तो स्पीकरला चिकटून बसला, मित्रांकडे पाठ करून. उभी हयात कारखान्यातल्या घणांपाशी गेलेला उजवा कान त्याने जाळीला लावला. "पूर्ण मोठा कर," तो म्हणाला. ग्लेनिसने शेजाऱ्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं.

रॉयने आवाज पूर्ण वाढवला, सुई ठेवली आणि परत येऊन हात मांडीखाली घातले.

पहिल्या गाण्यात माल्कमचा पाय बरोबर ठेका धरत होता. दुसऱ्यात तो थोडा मागे पडला. मग आणखी मागे. रॉयने नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिलच्या तोंडात डुकराच्या कातडीचा तळलेला तुकडा होता. तो चावायची सोय नव्हती, म्हणून त्याने गालात धरून ठेवला. ग्लेनिस गालिच्याकडे बघत होती.

तिसरं गाणं संथ होतं. एकच गिटार, एकच आवाज. माल्कमचा पाय थांबला. त्याने स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला. मग कपाळ टेकलं.

गाण्याचं शेवटचं कडवं अजून यायचं होतं.

"आली!" माल्कम ओरडला आणि वळला. डोळे ओले झाले होते. "आली की नाही? ऐकली मी! ऐकली!"

गायक गातच होता.

मग ग्लेनिसने हात बाहेर काढला आणि ग्लास उचलला. "आली," ती म्हणाली. त्याला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवले.

रॉयने उचलला. नेव्हिलनेही.

"घोट नाही, सगळा!" माल्कम म्हणाला. "आज सगळा प्यायचा!" त्याने एका दमात ग्लास रिकामा केला आणि तिघांचे होईपर्यंत बघत राहिला. रिकामे ग्लास टेबलावर आले.

शेवटचं कडवं संपलं. गिटारचा सूर बारीक होत गेला. आणि आवाज पूर्ण वाढवलेला असल्यामुळे खुर्ची अशी करकरली की जणू त्यांच्यातलंच कुणी उठून उभं राहिलं.

रॉयचा हात त्याच्या नकळत पुढे गेला. बोटांनी ग्लास धरला. मग तिथेच थांबला.

माल्कम त्या हाताकडे बघत होता.

चौथं गाणं सुरू झालं. हे त्यांचं सगळ्यांत आनंदी गाणं. नेव्हिलने तोंडातला तुकडा तसाच गिळला. माल्कमने बशीतली मशीनं उचलली, मुठीत धरली, पण कानात घातली नाहीत.

"तहान भागलेली दिसत नाही तुझी," तो रॉयला म्हणाला. "ग्लेनिस, ओत गं त्याला."

ग्लेनिसने बाटली उचलून ओतायला सुरुवात केली. रॉयने ग्लास सोडला नव्हता, आणि ती ग्लासाऐवजी माल्कमकडे बघत होती. बरीचशी बिअर त्याच्या बोटांवरून टेबलावर गेली.